आधी गार करा, मग दवाखाना
(माजी विद्यार्थी, दहावी 1988, आर्मी मेडिकल कोरमधून सेवानिवृत्त)

शाळेच्या व्हरांड्यातल्या फलकावर ज्या जवानाचं नाव आहे, तो गोळी लागून गेला नाही. सरावाच्या दौडीत उष्माघाताने गेला. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. सरावातल्या अपघातात गेलेल्यांची तिथे लागत नाहीत. म्हणून आपल्या फलकाचं मोल मला फार वाटतं, आणि "लढाईत थोडाच गेला" हे गावातलं बोलणं तितकंच झोंबतं. सराव ही ड्यूटीच आहे.

शाळेत खो-खोच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायचं काम त्याच्याकडे असे. दोरी ताणून, उकिडवं सरकत तो त्या मारी आणि पुसल्या की पुन्हा भरी. हाती घेतलेलं अर्धवट सोडायचं नाही, हा स्वभावच. धावतानाचा उष्माघात बहुधा अशांनाच गाठतो. अंगचोर माणूस दमला की थांबतो, हा थांबत नाही.

दोन वर्षं बर्फात काढून त्याची पलटण पूर्वेकडच्या दमट छावणीत उतरली होती. आठवड्याच्या आत 5 किलोमीटरची दौड लागली. पाठीवर पिट्टू म्हणजे सामानाची पिशवी, हातात रायफल. ऑगस्टची सकाळ, पारा 33. नवतपात 45-46 सोसणाऱ्या विदर्भाच्या पोराला 33 काय करणार, असं सगळ्यांनी धरलं. पण उन्हाची सवय अंगात कायमची मुरत नाही. रोज थोडं थोडं राबलं की 10 ते 14 दिवसांत ती येते आणि थंडीत राहिलं की तीन-चार आठवड्यांत बरीचशी निघून जाते. त्यातून दमट हवेत घाम वाळत नाही. मे महिन्यात खोली गार करणारा कुलर पावसाळ्यात नुसती ओली हवा फेकतो, तसं शरीराचं होतं. आदल्या रात्री त्याला जुलाब झाले होते. ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या किलोमीटरनंतर झोकांड्या जाऊ लागल्या. सोबत्याने विचारलं तर उत्तर भलतंच. अंग घामाने निथळत होतं, म्हणून दमला समजून सावलीत बसवलं. उष्माघातात घाम बंद होतो ही समजूत इथे नडली. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्यांचा बहुधा होतो. धावताना लागलेल्या उष्माघातात तो सुरूच असू शकतो. खरी खूण म्हणजे बरळणं, तोल जाणं आणि आतला ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर. काखेतला थर्मामीटर तो कमी दाखवतो. पाऊण तास सावलीत गेला, मग गाडी आली. तोवर मूत्रपिंडं आणि यकृत हातचं गेलं होतं.

पहिल्या अर्ध्या तासात गार करणं हाच उपचार. गाडीला निरोप द्या, पण ती येईपर्यंत थांबू नका. बूट-कपडे काढून माणसाला गार पाण्याच्या टाक्यात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून ठेवा, बर्फ मिळाला तर पाण्यात टाका. टाकं नसेल तर पाणी ओतत राहा, ओल्या चादरी बदला, वारा घाला. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. खिशातल्या कांद्यावर विसंबू नका.

अग्निवीर भरतीत 1.6 किलोमीटर 5 मिनिटं 30 सेकंदांत काढायला आपली पोरं डांबरी रस्त्यावर धावतात. बाहेरगावी शिकणारं पोरगं मे महिन्यात घरी आलं की पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावतं. तसं करू नका रे. सुरुवातीला निम्मं अंतर, मग रोज थोडं वाढवा. ताप, जुलाब, जागरण असेल त्या दिवशी धावू नका. सराव घेणाऱ्या उस्तादाला तसं सांगण्यात कमीपणा नाही.

शाळेच्या महोत्सव समितीत त्या जवानाच्या स्मारकाच्या चबुतऱ्याचं बोलणं सुरू आहे. माझं म्हणणं, त्या पैशातून त्याच्या नावाने मैदानाच्या कडेला टिनाचं शेड घालावं आणि खाली माणूस आडवा मावेल असं सिमेंटचं टाकं बांधावं. मार्च ते ऑक्टोबर पोरं धावायला उतरण्याआधी ते भरलेलं असावं, आणि ही जबाबदारी खेळाच्या शिक्षकांकडे लेखी द्यावी. टाक्याच्या वर्गणीत माझं नाव पहिलं लिहा.