टॅनिन मीडियम की मीडियम प्लस? वाईन टेस्टिंगच्या परीक्षेचा माझा अनुभव

डब्ल्यूएसईटी या वाईन शिकवणाऱ्या संस्थेची लेव्हल ३ परीक्षा पास झाले, सर्टिफिकेट आलं, तरी एका गोष्टीचा राग डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहितेय. थिअरीबद्दल फार सांगत नाही, पुस्तक नीट वाचलं की ती होते. माणूस अडतो तो टेस्टिंगला. अर्धा तास, दोन ग्लास, एक व्हाइट एक रेड, बाटली दिसत नाही, आणि ठरलेल्या क्रमाने लिहायचं: दिसते कशी, वास कसा, चव कशी, दर्जा काय आणि अजून ठेवण्यासारखी आहे का. थिअरी आणि टेस्टिंग दोन्हीकडे वेगवेगळे ५५ टक्के लागतात, म्हणजे एकीकडचे जास्तीचे मार्क दुसरीकडे कामाला येत नाहीत.

बऱ्याच जणांना वाटतं की द्राक्ष कोणतं ते ओळखायचं असतं. तसं काही नाही. मार्क वर्णनाचे असतात.

रंगाचं पटकन जमतं. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरायचा आणि कडेकडे बघायचं, तरुण रेडमध्ये जांभळी झाक असते, वय वाढलं की ती विटकरी, मग तपकिरी होत जाते आणि रंग फिका पडतो, व्हाइटचं उलट, ती वयाबरोबर गडद होते.

व्हाइटमध्ये शार्डोने या द्राक्षाची वाईन मला मनापासून आवडली, कारण तिचा स्वतःचा वास तसा सौम्य, त्यामुळे हवामान आणि वाईन करणाऱ्याने काय केलं ते तिच्यात स्वच्छ दिसतं. थंड प्रदेशातली, म्हणजे फ्रान्समधली साधी शाब्ली घ्या, हिरवं सफरचंद आणि लिंबू, ॲसिडिटी हाय. ऊन वाढलं की पीच, आणखी वाढलं की अननस. आता इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, लोणी आणि ओक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोण्याचा वास डायॲसिटिलचा, तो मॅलोलॅक्टिक नावाच्या प्रक्रियेतून येतो, जिथे बॅक्टेरिया जास्त आंबट मॅलिक ॲसिडचं मऊ लॅक्टिक ॲसिड करतात, आणि हे स्टीलच्या टाकीतही होतं. व्हॅनिला, टोस्ट, धूर हे ओकच्या लाकडी पिंपाचं. आमच्या वर्गात कितीतरी जण लोणी आलं की डोळे झाकून ‘ओक’ लिहायचे.

आता टॅनिन, म्हणजे रेडमधला तोंड कोरडं करणारा घटक.

क्लासमध्ये आम्ही सरावाच्या नोट्स लिहून द्यायचो आणि त्या तपासून परत यायला आठवडेच्या आठवडे लागायचे, आणि आल्या की माझ्या रेडच्या नोटवर ‘टॅनिन’ या शब्दाला गोल आणि शेजारी ‘पुन्हा तपासा’. बस, एवढंच. कमी लिहिलं की जास्त, ते नाही. आणि पुन्हा तपासायचं तरी कसं, ती बाटली केव्हाच संपलेली, पुढच्या वर्गाला दुसरीच वाईन! विचारलं तर उत्तर ‘सवयीने येईल’. नमुना उत्तर मागितलं तर म्हणे सगळ्या बॅचचं तपासून झालं की एकदम मेल करू, तो मेल यायच्या आत पुढची नोट द्यायची वेळ यायची आणि तिच्यावरही तोच गोल. एवढी फी घेता, वाईन उघडता, मग समोरच्याच्या तोंडात काय चाललंय हे विचारायला दोन मिनिटं नाहीत? मला हे अजूनही पटत नाही. टॅनिन म्हणजे वास नव्हे की पुस्तकात यादी वाचली आणि आठवलं, तो स्पर्श आहे, आणि तो समोर ग्लास असतानाच शिकवावा लागतो.

त्यातून सगळ्या वाईन एकामागून एक, सुट्या सुट्या यायच्या. एकटी रेड प्यायली तर टॅनिन मीडियम आहे हे कशाच्या तुलनेत म्हणायचं?

शेवटी आम्ही वर्गातल्या तिघींनी मिळून बाटल्या आणल्या आणि शेजारी शेजारी ओतल्या, तीन वेगळ्या द्राक्षांच्या रेड: पिनो न्वार, मर्लो, कॅबरने सोविन्यो. पहिल्या फेरीतच उजेड पडला. ॲसिडिटीने तोंडाला पाणी सुटतं, टॅनिनने तोंड कोरडं पडतं, कारण ते लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं. जास्त उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर वरच्या दातांवरच्या हिरड्या कशा धरल्यासारख्या होतात, तेच. म्हणून घोट थुंकला की जीभ हिरड्यांवरून फिरवायची आणि किती अडखळते ते बघायचं. मग मान थोडी खाली करायची, लाळ किती झरझर येते ती ॲसिडिटी. दोन्ही हाय असतील तर गोंधळ होतो, अशा वेळी आधी एकाचा निर्णय लिहून टाकायचा आणि दुसऱ्यासाठी नवा घोट घ्यायचा.

(घोट थुंकायचाच, हे आधीच सांगायला हवं होतं. आणि टॅनिन घोटागणिक साठत जातं, म्हणून मध्ये पाणी आणि दम.)

मग चौथा ग्लास आणला तो बारोलोचा, ही इटलीतली नेब्बियोलो द्राक्षाची रेड. रंग फिका, विटकरी, बघून कुणीही टॅनिन कमी म्हणेल, आणि तोंडात घेतली की हिरड्या आवळतात, नेब्बियोलोचं टॅनिन हायच असतं. त्या ग्लासने माझं सगळं सरळ केलं. रंगावरून टॅनिन ठरवायचं नाही, डोळे मिटून ठरवायचं. डोळे किती ओढून नेतात याचा बोर्दोमध्ये प्रयोग झालाय, २००१ मध्ये प्रसिद्ध झाला, ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाईनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिली तर त्यांनी तिला रेडचेच शब्द लावले. वाईन शिकणारी मुलं होती ती.

मीडियम मायनस, मीडियम, मीडियम प्लस यात अडकलात तर तिथून सुरुवातच करू नका. आधी फक्त लो, मीडियम, हाय. मीडियम ठरलं तरच पुढचं, तेही मनातल्या मर्लोशी ताडून. अल्कोहोलचं सोपं आहे, त्याला आकडेच आहेत, ११ टक्क्यांखाली लो, १४ आणि वर हाय, मधलं मीडियम, घशात ऊब किती जाणवते त्यावरून अंदाज येतो.

घरी सराव करताना रेड फ्रिजमधून काढून लगेच चाखू नका, गार असली की टॅनिन खरखरीत लागतं, १५ ते १८ डिग्री ठीक. ओकवाली शार्डोनेसुद्धा अगदी थंडगार नको, वास दबतो, १० ते १३ पुरे. ओतायची थोडीच, ५० मिली, म्हणजे ग्लास फिरवता येतो. आणि त्या दिवशी परफ्यूम नको.

परीक्षेत रेड आली तेव्हा टॅनिनच्या ओळीवर मी थांबलेच नाही, हाय लिहिलं आणि पुढे गेले. दर्जाच्या ओळीत मात्र नुसतं ‘व्हेरी गुड’ लिहून सोडू नका, बॅलन्स, लांबी (म्हणजे चव तोंडात किती वेळ टिकते), तीव्रता, गुंतागुंत या चारही गोष्टींवर एकेक वाक्य कारण द्या, मार्क त्या कारणांना आहेत. निकालाला वेळ लागतो, तो लागतोच, त्याचा मला राग नाही. क्लासच्या त्या मेलची मात्र मी पास झाल्यावरही वाट बघत होते, तो आलाच नाही. तुम्ही प्रवेश घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा: वाईन शेजारी शेजारी ठेवून चाखायला देता का, आणि तपासलेली नोट किती दिवसांत, कारणासकट परत मिळते. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा क्लास बघा.