ओली झावळ, सुका हीर

माड महिन्याला साधारण एक झावळ टाकतो. बाणवलीसारखा उंच माड वर्षाला बारा-चौदा नवी पानं काढतो आणि जवळपास तितकीच जुनी सोडून देतो. म्हणजे घरामागे वीस माडांची वाडी असेल तर वर्षाकाठी अडीचशे झावळ्या अंगणात, पायवाटेवर, क्वचित कौलांवर. एका झावळीला दोनशेच्या वर पाती. गुणाकार पन्नास हजारांवर जातो. यातलं बरंचसं बंबात आणि चुलीत जातं आणि ते रास्तही आहे, कारण आंघोळीचं पाणी कलाकुसरीवर तापत नाही. पण उरलेल्यात घरातल्या मुलांची अख्खी सुट्टी बसते.

हत्यारं फार लागत नाहीत. कोयता मोठ्यांच्या हातात, बोथटशी सुरी मुलांच्या हातात, थोडा सुंभ, थोडा दोरा. गोंदाची बाटली घरातच ठेवलेली बरी. माडाच्या हिरव्या पातीवर मेणाचा पातळ थर असतो, त्यावर गोंद वाळतो आणि खपलीसारखा सुटून येतो. इथलं सगळं वीण, गाठ आणि काटा यांच्यावर उभं राहतं. खरी अडचण वेगळीच आहे. माडाची वस्तू बिघडते ती हात वाईट असतो म्हणून नव्हे, तर वेळ चुकते म्हणून. ओलं असताना करायचं काम सुक्यावर केलं, किंवा उलट. झावळ हातात घेतल्यावर पहिला प्रश्न ‘काय करूया’ हा नाहीच. ही ओली आहे, कोमेजलेली आहे की सुकलेली, हा आहे. काय करायचं ते त्या उत्तरातून आपोआप ठरतं.

आपण होऊन पडलेली झावळ तपकिरी आणि सुकी असते. हिरवी हवी असेल तर नारळ पाडायला माणूस माडावर चढतो त्या दिवशी त्याला एक झावळ तोडून टाकायला सांगावं. एकच. हिरवी पानं ओरबाडली तर माड पुढच्या नारळांत त्याचा वचपा काढतो. कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी खाच पडलेली झावळ घेऊ नये. तो गेंड्या भुंग्याचा उद्योग असतो. कोंब आत मिटलेला असताना तो खातो आणि पान उलगडल्यावर नक्षी दिसते. अशा झावळीचे हीर (पातीच्या मधल्या कडक काड्या) मध्येच तुटलेले निघतात.

हिरव्या पातीची पहिली मागणी पिपाणीची. पातीच्या मधला हीर काढला की दोन लांब पट्ट्या मिळतात. एका पट्टीच्या निमुळत्या टोकाची पेन्सिलीएवढी गुंडाळी करायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत तिरका नेत जायचा. पट्टी संपत आली की दुसरी तिच्या शेवटच्या वेढ्याखाली खोचून पुढे चालू. तोंड चार बोटं रुंद झालं की हिराचा टोकदार तुकडा टाचणीसारखा आरपार खुपसून शेवट पक्का करायचा. आता जीभ. कोवळ्या पातीचा पेरभर तुकडा दुमडायचा, दुमड कातरून टाकायची म्हणजे दोन ओठ होतात, ते चपटे करून बारीक टोकात बसवायचे. दोन ओठांत फट जास्त राहिली तर नुसता वारा येतो, अजिबात नसली तर गाल दुखतात. वाजता वाजता अचानक आवाज गेला तर जीभ नव्हे, वेढे तपासावेत. पात सुकायला लागली की कडा वळतात, वेढ्यांतून हवा निसटते. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर पिपाणी दिवसभर टिकते. संध्याकाळपर्यंत ती आपोआप मुकी होते, हा घरातल्या मोठ्यांच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा गुण.

भिरभिऱ्याला अशाच दोन पट्ट्या, प्रत्येकी वीतभर. अधिकच्या चिन्हासारख्या एकमेकींवर ठेवायच्या, उभी खाली, आडवी वर. उभीचं वरचं टोक आडवीवरून खाली दुमडायचं. मग उजवं टोक त्याच्यावरून डावीकडे, खालचं टोक त्याच्यावरून वर, आणि राहिलेलं डावं टोक उजवीकडे नेताना अगदी पहिल्या दुमडीच्या खालून काढायचं. चारही टोकं सावकाश, आळीपाळीने ओढली की मध्ये चौकोनी गाठ बसते आणि चार पाती चार दिशांना राहतात. एक टोक आधी आवळलं की चौकोन तिरका होतो आणि भिरभिरं लंगडतं. गाठीच्या मधल्या भोकातून जाड हीर घालायचा, पुढे एखादी गळालेली कोवळी सुपारी टोचायची, मागे दोऱ्याची गाठ मारायची. भोक हिरापेक्षा सैल हवं. एवढं करूनही फिरत नसेल तर चारही पाती सपाट राहिल्या असणार. प्रत्येक पातीला एकाच दिशेने किंचित पीळ द्यावा. तीन उजवीकडे आणि एक डावीकडे पिळली असेल तर ते वाऱ्यात नुसतं थरथरत राहतं.

चेंडू मात्र लिहून शिकवता येत नाही. तो समोर बसून, हातात हात घेऊनच शिकायचा.

खराट्याची गंमत अशी की त्याचं अर्धं काम ओल्यावर आणि अर्धं सुक्यावर आहे. हीर काढायचे ते पात हिरवी असताना. बुडाशी हिराच्या कडेला नखाने चीर पाडली की पात सरळ टोकापर्यंत सोलून निघते, लहान मुलांनाही जमतं. राहिलेला हिरवा धागा सुरीची धार आडवी धरून, जाड टोकाकडून बारीक टोकाकडे खरवडायचा. उलट खरवडलं तर हीर शेंड्याला मोडतो, आणि शेंडा गेलेला हीर केर गोळा करत नाही, नुसता उडवतो. सुकलेल्या झावळीचे हीरही निघतात, पण पात भुगा होऊन चिकटून राहते आणि बोटांना कुसळं लागतात.

बांधायचं मात्र सुकल्यावरच. तीन-चार कडक उन्हं द्यावी लागतात, आणि नेमकं हेच कुणाला नको असतं. मुठीत धरलेली जुडी तयार दिसते, सुंभ शेजारीच असतो, नातवंडं तासातासाला विचारतात, “आजी, झालो काय?” आणि तळकोकणातली कुठलीही आजी तेच सांगते, “नाय रे झिला, अजून ओलो आसा.” ओला हीर सुकताना बारीक होतो. चारशे हीर प्रत्येकी केसभर बारीक झाले तरी आज करकचून आवळलेली जुडी आठवड्याने ढिली पडते आणि अंगण झाडताना हीर एकेक करून गळू लागतात. कचरा काढता काढता कचरा करणारा खराटा तो हाच.

एका चांगल्या खराट्याला दोन झावळ्यांचे हीर लागतात. ठेंगू जातीच्या माडाची झावळ आखूड असते, तिचे हीर आखूड आणि वाकून झाडायला लावणारे. जाड टोकं खाली करून जुडी जमिनीवर ठोकायची म्हणजे बुंधे एका पातळीत येतात. बुंध्यापासून चार बोटांवर पहिला बंध, त्याच्यावर आणखी चार बोटांवर दुसरा. सुंभ पाण्यात भिजवून घेतला तर बोटांना टोचत नाही आणि गाठ नीट बसते. सुंभाचं एक टोक खांबाला बांधून, जुडी गरगर फिरवत अंगाकडे ओढत गेलं तर हाताच्या जोरापेक्षा घट्ट आवळलं जातं. शेवटी बुंध्याच्या मधोमध बोटभर जाडीची टोकदार खुंटी ठोकायची. खुंटी आत जाते तशी जुडी फुगते आणि बंध ताणला जातो. पुढे खराटा ढिला वाटला की खुंटीवरच आणखी एक ठोका. खुंटी न ठोकलेला खराटा विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खराट्यातून उरलेले लांब हीर पतंगाला. वर्तमानपत्राचा ४० सेंटिमीटरचा चौकोन कापायचा. त्याचा कर्ण साधारण साडेछप्पन्न सेंटिमीटर येतो, तेवढा उभा कणा. कण्याला दोन हीर पुरतात, एकाचं जाड टोक दुसऱ्याच्या बारीक टोकाशी ठेवून दोऱ्याने चार ठिकाणी बांधलेले. कमान सुमारे ६५ सेंटिमीटरची, आणि बहुतेक पतंग इथेच फसतात. हीर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक असतो. एकच हीर वाकवला तर बारीक बाजू जास्त वाकते, वाऱ्यात जास्त मागे झुकते, आणि पतंग त्याच बाजूला घसरत जातो. मुलं मग वाऱ्याला शिव्या देतात. उपाय सोपा आहे. दोन हीर घेऊन त्यांची जाड टोकं मध्यावर एकमेकांवर चढवून बांधायची म्हणजे दोन्हीकडे सारखी बारीक, सारखी लवचीक टोकं येतात. कमान बोटावर मध्यभागी तोलून पाहावी, झुकेल त्या बाजूचा शेंडा चिमूटभर कापावा.

कागदाला भाताची शितं. भात गरम आणि मऊ असावा, शीत बोटाने पूर्ण चिरडलेलं. पाणी घालून पातळ केलं की वर्तमानपत्र सुरकुततं आणि सुकल्यावर एका बाजूला ताणतं. कन्नीचा (मांजा बांधायच्या दुहेरी दोऱ्याचा) एक दोरा कणा आणि कमान जिथे एकमेकांना छेदतात तिथे, दुसरा कण्याच्या खालच्या टोकापासून वीतभर वर. खालचा दोरा वरच्यापेक्षा दोन बोटं लांब. पतंगाने गिरक्या घेतल्या तर जुन्या धोतराची हातभर शेपटी लावावी, तरी ऐकेना तर आणखी हातभर. वर्तमानपत्र पतंगी कागदापेक्षा बरंच जड, त्यामुळे सकाळच्या मंद वाऱ्यात तो उठत नाही. दुपार चढली, जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, तो त्याचा वारा. सूर्य कलल्यावर दमट हवेत कागद ओल खातो आणि पोटात सैल पडतो, तेव्हा उतरवून घ्यावा.

करवंटीत ओल्या-सुक्याचा हिशेब नारळ निवडतानाच होतो. शहाळ्याची करवंटी मऊ असते, सुकताना वेडीवाकडी होते. पूर्ण तयार, हलवल्यावर पाणी वाजणारा नारळ घ्यावा. डवलीसाठी, म्हणजे करवंटीच्या पळीसाठी, डोळे नसलेला अर्धा भाग. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो आणि तिथून पुढेमागे गळती ठरलेलीच. मधोमध पेन्सिलीने रेघ मारून लोखंड कापायच्या बारीक दातांच्या पात्याने, करवंटी फिरवत फिरवत कापावी. एकाच जागी खोल गेलं तर चीर भलतीकडे धावते. बाहेरच्या काथ्या काचेच्या तुकड्याने किंवा सुरीच्या पाठीने खरवडून, मग काचपेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०. ८० वरून थेट २२० वर उडी मारली तर आधीचे ओरखडे तसेच राहतात आणि तेल लावल्यावर जास्तच उठून दिसतात.

दांडा बांबूचा, हातभर लांब, आणि पक्का सुकलेला. ओला बांबू भोकात घट्ट बसतो आणि महिनाभरात खुळखुळतो. हाताकडचं भोक काठापासून एक सेंटिमीटर खाली, समोरचं दोन सेंटिमीटर खाली, म्हणजे दांडा तिरका वर येतो. भोक बाहेरून पाडायचं, आत लाकडाचा ठोकळा धरून. बर्मा दाबायचा नाही, नुसता फिरवत राहायचं, नाहीतर शेवटच्या क्षणी आतला पापुद्रा उडतो. आत खोबऱ्याचा कण राहिला तर त्यावर बुरशी धरते, म्हणून एकदा उकळून, सावलीत सुकवून, खोबरेल चोळावं. भर उन्हात ठेवलेली करवंटी तडकते. वार्निश नको, ती आमटीत फिरायची आहे.

झापाविषयी, म्हणजे झावळीच्या विणलेल्या आडोशाविषयी, थोडक्यात, कारण त्याला मनुष्यबळ लागतं. पडलेली झावळ शेंड्याकडून मधोमध चिरायची. चीर एका बाजूला सरकली तर जो भाग जाड राहिला आहे तो जास्त ओढायचा, चीर परत मध्यावर येते. अर्ध्या झावळ्या रात्रभर पाण्याच्या डोणीत बुडवून ठेवायच्या. सकाळी एक आड एक पात उलट्या तिरकस दिशेला वळवून, राहिलेल्यांच्या एकदा वरून, एकदा खालून काढत जायचं, आणि प्रत्येक फेरी दांड्याकडे दाबून घ्यायची. न भिजवता विणलं तर पात दांड्याशीच चिरते. हिरवीच विणली तर सुकल्यावर पाती आक्रसून मधून उजेड दिसतो आणि पावसाची झड पडवीत येते. पावसाळा लागल्यावर यातलं काहीच नव्याने हाती घेऊ नये. जून ते सप्टेंबर काही सुकत नाही, नुसती काळी बुरशी धरते.

पोफळी असतील त्या घरात विरीही (सुपारीच्या झावळीचं रुंद, चिवट बूड) हवी तेवढी. श्रीवर्धनपासून खाली सगळ्या वाड्यांत ती पायाखाली येते. सुकलेली विरी पुठ्ठ्यासारखी कडक असते, अर्धा तास पाण्यात ठेवली की चामड्यासारखी मऊ होते. पुसून, चारही कोपरे चिमटून, प्रत्येक कोपऱ्यात हिराची टाचणी घातली की द्रोण. आत वाटी ठेवून, वर दगड ठेवून सुकू द्यावा, नाहीतर सुकताना तो पुन्हा मूळच्या वळणावर जातो.

आणि काहीच करायचं नसेल तर पानासकट पडलेली आख्खी विरी घ्यावी, धाकट्याने तिच्यावर बसावं, थोरल्याने झावळीचा दांडा धरून ओढावं. जांभ्यावर ती दोन फेऱ्यांत फाटते. पुळणीवर बराच वेळ टिकते, थोरला दमेपर्यंत तरी.