हिरवी टिकमार्क मी देणार नाही

बनावट नि भेसळीच्या बेकायदा औषधांबद्दल लोकांना सांगण्यासाठी मी ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातल्या दृश्यावर चित्रं बसवणारं तंत्र, वापरते, असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे फोन धरला की औषध खरं का खोटं ते कळणार?’

नाही कळणार. कॅमेऱ्याला दिसते ती छपाई. खोक्यावरची अक्षरं नि रंग ओळखून तो त्यावर आपलं चित्र बसवतो. नक्कल हुबेहूब असली की तोही फसतो. २०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. त्या सिरप्सचा संबंध ६६ मुलांच्या मृत्यूंशी असू शकतो, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनं दिला. ते विष प्रयोगशाळेत कळतं, फोनच्या भिंगातून नव्हे.

मग हा खटाटोप कशाला? तर डोळ्यांना न दिसणारं दाखवायला. आमच्याकडे वजन उतरवणाऱ्या ‘हर्बल’ कॅप्सूलचं नमुन्याचं पाकीट असतं. त्यावर फोन धरला की कॅप्सूल उघडते, पाल्याच्या चुऱ्यातून सिब्युट्रामिन बाहेर येतं आणि शेजारी हृदयाचे ठोके वाढत जातात. भूक मारणारं हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून गेलं. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात मात्र ते अजून सापडतं.

हे बघून एक काकू म्हणाल्या, “पण माझं वजन खरंच उतरलं होतं गं!” उतरणारच की! आत लपवलेलं औषध असतं, म्हणून तर गुण येतो. सांधेदुखीच्या पुड्यांत स्टेरॉइड घालतात तेही याचसाठी. दुखणं झटक्यात थांबतं, माणूस शेजाऱ्यालाही पुडी देतो. बरं, महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून ‘फेकून द्या’ एवढंच सांगून भागत नाही. डॉक्टरांकडे जा, हेही त्याच चित्रात यावं लागतं.

स्टेरॉइडनं चेहरा गोल होतो, तर तसा सेल्फी फिल्टर करू, असं टीममधल्या पोरांचं म्हणणं होतं. मी साफ नकार दिला. लोक खिदळतील, आणि ज्यांचा चेहरा खरोखर तसा झालाय ते तिथेच उभे असतील.

शेवटच्या पडद्यावर आम्ही ‘औषध खरं’ अशी हिरवी टिकमार्क देत नाही, विचारतो: कुठून घेतलं? कुणी लिहून दिलं? बॅच नंबर आहे का? खाली एकच सूचना, पाकीट जपून ठेवा आणि फार्मासिस्टला दाखवा.