एसएसबीची दुसरी खेप: माझा अनुभव

रत्नागिरीहून मंगला एक्सप्रेस थेट भोपाळला जाते. त्या गाडीने मी एसएसबीसाठी, म्हणजे फौजेत अधिकारी निवडायच्या पाच दिवसांच्या चाचणीसाठी, दोनदा गेलो. पहिल्या खेपेला पहिल्याच दिवशी स्क्रीन-आउट, म्हणजे चाळणीतच बाद झालो. तीस सेकंद दाखवलेल्या चित्रावर चार मिनिटांत गोष्ट लिहिली, पण गटचर्चेत सगळे एकदम बोलायला लागले आणि मी गप्प बसलो. संध्याकाळी परतीची गाडी.

दुसऱ्यांदा तो दिवस निभावला. मानसशास्त्रीय चाचणीत साठ शब्द दाखवतात, प्रत्येकावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं. मनात असतं तेच कागदावर उतरतं, त्याची धास्ती घेऊ नका. माझा खरा कस मुलाखतीत लागला.

फॉर्मवर छंद म्हणून क्रिकेट लिहिलं होतं. मुलाखत घेणाऱ्या सरांनी विचारलं, फौजेतला क्रिकेटपटू कोण? मी लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारींचं नाव घेतलं. जन्म पुण्याचा. महायुद्धाच्या काळात कसोट्याच नव्हत्या, त्यामुळे पहिली कसोटी मिळायला 1947 उजाडलं. 1952 साली दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध नाबाद 81, गुलाम अहमदबरोबर शेवटच्या विकेटसाठी 109 धावा. 1959 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध एका कसोटीत कप्तान. 1971 ला इंग्लंडमध्ये मालिका जिंकली तेव्हा संघाचे मॅनेजर. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, बोलताना तो लपला नसणार.

सर म्हणाले, "हे वाचलेलं झालं. तुझं सांग."

मग आमच्या भाट्ये किनाऱ्यावरचं क्रिकेट सांगितलं. ओहोटीला जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते तीच आमची पिच. भरती कधी लागणार ते बघून ओव्हर ठरतात, कधी आठ, कधी सहाच. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. फास्ट बोलर वाऱ्याबरोबर, स्पिनर वाऱ्याच्या तोंडावर.

"कप्तान म्हणून कुठला निर्णय चुकला?"

घशाला कोरड पडली. चुलतभावाशी आदल्या दिवशी भांडलो होतो, म्हणून शेवटची ओव्हर त्याला दिली नाही आणि वाडीची मॅच घालवली. सांगून टाकलं.

"त्याच्याकडे कबूल केलंस?"

"नाही सर."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्सनंतर, म्हणजे सगळ्या परीक्षकांसमोरच्या शेवटच्या भेटीनंतर, निवडलेल्यांचे चेस्ट नंबर (छातीवर लावलेले क्रमांक) पुकारले, त्यात माझा होता. मग मेडिकल, तेही पार पडलं. मेरिट लिस्ट अजून लागायची आहे.

घरी आलो त्या संध्याकाळी भाट्येला गेलो. भाऊ सुरूच्या बनाकडून येत होता. त्याला बाजूला घेऊन बोललो, आणि बॉल त्याच्या हातात दिला.