चार्ल्स्टनला ओटी बघायला

आमच्या अमेरिकेतल्या, नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटच्या घराला मागच्या अंगाने ओटी काढायची, हे दोन वर्षं नुसतं घोकणं चाललं होतं. कंत्राटदार दाखवायचा ती सगळी चित्रं राखाडी आणि एकसारखी. मार्चमध्ये आई पेणहून आली आणि नवरा म्हणाला, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला जाऊन येऊ, तिथे दीडदोनशे वर्षांच्या ओट्या आहेत. गाडीने साडेतीन तास. तीन रात्री राहिलो. (शार्लट आणि चार्ल्स्टन ही दोन वेगळी गावं आहेत, हे पेणच्या मावशीला फोनवर अजून पटलेलं नाही.)

आधी गाडीचं. जुनं शहर अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या जमिनीवर आहे, गल्ल्या अरुंद. गाडी पार्किंगच्या इमारतीत वरच्या मजल्यावर लावा आणि विसरून जा. गावात डॅश नावाची फुकट बस फिरते, बाकी सगळं पायी होतं. वरचाच मजला का, ते पुढे येईल.

ब्रॉड स्ट्रीटच्या दक्षिणेला ट्रॅड, चर्च, लेगारे या गल्ल्यांतून सकाळी आठच्या आत फिरा. (लेगारेचा उच्चार तिथे ‘लग्री’ करतात. आम्ही चुकीचा उच्चार करून दोनदा पत्ता विचारला.) इथली घरं रस्त्याला कूस देऊन उभी आहेत. रुंदी एका खोलीची, लांबी आत खोलवर, आणि दक्षिणेला किंवा पश्चिमेला दुमजली ओटी. तिला ‘पियाझा’ म्हणतात. रस्त्यावरचं देखणं दार उघडलं की घरात नाही, ओटीवर पाय पडतो. दार उघडं असलं तर पाहुण्यांनी यावं, बंद असलं तर घरच्यांना निवांत बसू द्यावं, अशी जुनी रीत सांगतात. खाडीवरचा वारा ओटीवरून खोल्यांत शिरतो आणि दुपारचं ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही. मला सगळ्यात आवडलं ते हे, की शेजारच्या घराची जी भिंत आपल्या ओटीकडे येते, तिला खिडक्या कमी ठेवतात. शेजारधर्म थेट बांधकामातच!

ओट्यांची छतं फिकट निळी. समुद्रकाठच्या गुलामांचे वंशज असलेल्या गला-गीची लोकांची समजूत अशी, की या रंगाला भूत बिचकतं. नेमकी छटा एकच नाही, घरागणिक वेगळी. आई मान वर करून बघत म्हणाली, “अगं, ही तर चुन्यात नीळ घातल्यासारखी दिसते.” आमच्याकडे दिवाळीआधी भिंतींना तसाच हात मारायचे. आणि तिचं अगदीच चुकलं नव्हतं. अठराव्या शतकात इथून नीळ जहाजांनी इंग्लंडला जायची.

भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतील, त्या शोभेच्या नाहीत. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर खिळखिळ्या भिंती आरपार सळया घालून आवळल्या, त्यांची ती टोकं आहेत. इथे १९३१ पासून जुन्या वस्तीला कायद्याचं संरक्षण आहे आणि बाहेरून दिसणारा बदल शहराच्या मंडळाला विचारल्याशिवाय करता येत नाही. ईस्ट बे स्ट्रीटवरची तेरा रंगीत घरं, रेनबो रो, सगळे बघतात. दहा मिनिटं पुरे. घोडागाडी आम्ही केली नाही. गल्ल्या चालूनच कळतात.

आतून बघायची दोन घरं. १८०८ चं नॅथॅनियल रसेल हाउस नटलेलं आहे आणि तिथला जिना भिंतीला न टेकता तीन मजले गोल वर चढतो. पण वेळ एकाचाच असेल तर एकेन-रेट हाउस बघा. ते नवं न करता सापडलं तसंच राखलंय: पोपडे सुटलेल्या भिंती, लोंबणारा वॉलपेपर. मागच्या अंगणात स्वयंपाकघर, धोबीघर, तबेला आणि वर गुलामांच्या राहायच्या खोल्या. पुढच्या दिवाणखान्यातून थेट त्या खोल्यांत गेल्यावर ‘घराच्या कल्पना गोळा करायला आलोय’ हे वाक्य मला माझंच नको झालं. वही पिशवीत गेली ती त्या दिवशी परत निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम. २०२३ मध्ये उघडलं, तेही गॅड्सडेन्स व्हार्फच्या जागी, जिथे गुलामांची जहाजं लागायची. इमारत खांबांवर उचललेली, खाली पाण्याचा उथळ थर आणि त्याखाली शेजारी शेजारी आडव्या माणसांच्या आकृत्या. तिकीट आधी काढा, तीन तास हाताशी ठेवा आणि संध्याकाळी दुसरं काही ठरवू नका.

तिथे भाताची शेती नीट समजली. कॅरोलायना गोल्ड या तांदळावर हे गाव गब्बर झालं आणि तो पिकवण्याचं कसब पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या हातात होतं. भरतीला नदीचं गोडं पाणी वर चढलं की लाकडी दारांतून शेतात घ्यायचं, ओहोटीला सोडायचं. आई म्हणाली, “म्हणजे उघाडीच की!” पेणच्या खारेपाटात, खाडीकाठच्या भातशेतीत वाढलेली बाई ती. फक्त आपल्याकडे उघाडी, म्हणजे बांधातलं ते दार, खारं पाणी बाहेर ठेवायला असते. सिटी मार्केटमध्ये स्वीटग्रासच्या विणलेल्या टोपल्या मिळतात, त्यांचा मूळ अवतार भात पाखडायचं सूप. किंमत ऐकून दचकायला होतं. पण एकेका टोपलीला कित्येक दिवस लागतात, घासाघीस करू नका.

खाण्याचं. आई मासे खाते पण डुक्कर नाही, नवरा पूर्ण शाकाहारी, म्हणजे या गावात अवघडच. हिरव्या पालेभाजीत, चवळीसारख्या कडधान्यांत, लाल भातात, सगळ्यात डुकराचं मांस. ‘मांस आहे का?’ असं विचारू नका. ‘हॅम, बेकन, चरबी किंवा मांसाचा रस्सा घातलाय का?’ असं एकेक नाव घेऊन विचारा. एका चांगल्या हॉटेलात ‘नाही’ म्हणाले आणि नवऱ्याच्या वाटीत हॅमचा तुकडा निघाला. त्यांच्या लेखी ती फोडणी असावी. नवऱ्याचं भागलं ते चीज घातलेल्या ग्रिट्सवर (मक्याचा जाडसर सांजा समजा), तळलेल्या कच्च्या टोमॅटोंवर आणि तळलेल्या भेंडीवर. आईने हॅनिबल्स किचनमध्ये खेकड्याचा भात मागवला आणि ताट पुसून खाल्लं. तीन रात्रींतलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात चविष्ट जेवण तेच. येताना बेनी वेफर घ्या. बेनी म्हणजे तीळ, तेही आफ्रिकेतूनच आलेले. कुरकुरीत, तपकिरी साखरेचे. आमच्या गाडीत अर्धा डबा वाटेतलं कोलंबिया शहर यायच्या आतच संपला.

आता भरती. निघायच्या सकाळी लख्ख ऊन, पावसाचा थेंब नाही आणि मार्केट स्ट्रीटवर घोटाभर खारं पाणी. नवऱ्याचे बूट गेले. आईने विचारलं, “आज अमावास्या आहे का गं?” होती. बंदरातली भरती सात फुटांवर गेली की पाणी रस्त्यावर येतं, तेव्हा हॉटेल ठरवतानाच भरतीचं वेळापत्रक बघा आणि गाडी वर लावा. मार्च-एप्रिल उत्तम, ऑगस्ट-सप्टेंबर टाळा, दमट उकाडा आणि वादळं दोन्ही असतात.

घरी आल्यावर पहिल्यांदा होकायंत्र काढलं. आमची मागची बाजू उत्तरेला. तिथे ओटी काढली असती तर वारा नाही आणि अडवायला ऊनही नाही. आता ती पश्चिमेच्या कुशीला घ्यायचं ठरलंय. नवा नकाशा आणि छताच्या निळ्याचा नमुना सोसायटीच्या मंडळाकडे पाठवून तीन आठवडे झाले. त्यांनी एवढंच कळवलंय, की मंजूर रंगांच्या यादीत निळा नाही.