विग्रह नावापासून

आपल्या शाळेत समासाचा विग्रह घोटून घेतला जायचा. आधी पदं सुटी करायची, मग त्यांचा संबंध बोलून दाखवायचा. सी या प्रोग्रामिंग भाषेतलं किचकट डिक्लरेशन, म्हणजे एखादं नाव कशाचं आहे हे सांगणारी ओळ, वाचताना नेमकं हेच करावं लागतं, म्हणून कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांसाठी ते इथे लिहितो. कोड देवनागरीत छापलाय. मशीनवर रोमनमध्येच टाइप करा.

डावीकडून वाचायला लागलात की फसलात. आधी नाव शोधा. त्याच्या उजवीकडे चौकोनी कंस असेल तर ॲरे (एकाच प्रकारच्या गोष्टींची रांग), गोल कंस उघडत असेल तर फंक्शन (काम करून उत्तर परत देणारा कोडचा तुकडा). उजवीकडचं संपलं किंवा बंद होणारा कंस लागला, की डावीकडे वळा. तिथला स्टार (*) म्हणजे पॉइंटर, दुसऱ्या कशाचा तरी पत्ता ठेवणारा. मग कंसाबाहेर या आणि पुन्हा उजवीकडे बघा.

इंट *क[१०];
इंट (*ख)[१०];

इंट म्हणजे पूर्णांक. क हा दहा पॉइंटरांचा ॲरे. ख हा एकच पॉइंटर, दहा इंटच्या अख्ख्या ॲरेचा. पॉइंटर ८ बाइटचा आणि इंट ४ बाइटचा असेल, तर क ८० बाइट घेतो, ख फक्त ८. पण ख मध्ये १ मिळवला की पत्ता अख्खा ॲरे ओलांडून ४० बाइट पुढे जातो. एका कंसाने एवढा फरक पडतो, कारण स्टारपेक्षा उजवीकडच्या कंसांची पकड घट्ट. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ही भाषा घडवताना डिक्लरेशनचं रूप वापरासारखंच ठेवलं: *क[३] म्हटलं की इंट हाती येतो, म्हणून डिक्लरेशनही तसंच. मला ही रचना फार देखणी वाटते.

आता अवघड:

इंट (*(*फ)(इंट))[५];

फ, उजवीकडे कंस बंद, म्हणून डावीकडे: पॉइंटर. बाहेर, उजवीकडे: इंट घेणाऱ्या फंक्शनचा. पुन्हा डावीकडे: ते फंक्शन पॉइंटर परत देतं. बाहेर: पाच इंटच्या ॲरेचा. यातला बाहेरचा कंस गाळलात तर फंक्शन ॲरेच परत देतं असा अर्थ होतो. सी मध्ये ते चालत नाही, कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) तिथेच अडतो.

मात्र 'इंट* प, ब;' मध्ये कंपायलर गप्प राहतो. स्टार फक्त प चा. ब साधा इंट. स्टार नावालाच चिकटवून लिहा.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली की हे वहीत सोडवा:

इंट *(*ग[३])(इंट);

उत्तराची सुरुवात 'ग हा तीन पॉइंटरांचा ॲरे' अशी झाली नसेल, तर तुम्ही नाव सोडून इंटपासून निघालात.