वाक्य शेवटी पडतं कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुधा याच शब्दांत येतो: ‘मला फक्त मजकुरावर चालणारी आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) बनवायची आहे. न दिसणाऱ्यांनाही ती खेळता यायला हवी. कोणती भाषा शिकू? पायथन की जावास्क्रिप्ट? ट्वाइनसारखं कथा-खेळ बनवायचं साधन पुरेल का? की सरळ युनिटीसारखं गेम इंजिनच धरू?’ मलाच का विचारतात ते उघड आहे. मला दिसत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून मी खेळते आणि त्याच्याच भरवशावर प्रोग्रॅमही लिहिते. खेळणाऱ्याचे हाल आणि बनवणाऱ्याचे हाल, दोन्ही माझ्या ओळखीचे आहेत.

मी मात्र भाषेचं नाव न सांगता उलट विचारते: तुमच्या खेळातलं वाक्य शेवटी जाऊन पडतं कुठे?

स्क्रीन रीडर पडदा बघत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमला किंवा ब्राउझरला विचारतो, ‘इथे काय आहे?’ आणि मिळेल ते उत्तर बोलून दाखवतो. उत्तरात अक्षरं आली तर अक्षरं बोलतो. खेळाने अक्षरांचं चित्र काढून ठेवलं असेल तर त्याच्या लेखी तिथे काहीच नसतं. माझ्या एका मित्राने कित्येक महिने खपून पायगेम या पायथनच्या खेळ बनवायच्या लायब्ररीत मजकुराचा खेळ लिहिला. तोही खास मला खेळता यावा म्हणून. मी उघडला, खिडकीचं नाव ऐकू आलं आणि पुढे चिडीचूप. तो फोनवर विचारतोय, ‘गुहेत शिरलीस का?’ मला गुहा आहे हेच कळलेलं नव्हतं. पायगेममध्ये फॉन्ट वापरून वाक्य लिहिलं की त्याचं आधी चित्र होतं आणि ते चित्र खिडकीत चिकटवलं जातं. डोळ्यांना ते वाक्य दिसतं, सिस्टिमला दिसतात ते रंगीत ठिपके. बिचाऱ्याच्या कोडमध्ये एकही चूक नव्हती. टीकिंटर या पायथनमधल्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीचीही वर्षानुवर्षं हीच रड आहे. त्यातली बटणं स्क्रीन रीडरला बटणं म्हणून भेटतच नाहीत. पायथनमध्येच खिडकी हवी असेल तर डब्ल्यूएक्सपायथन घ्या. ते सिस्टिमची स्वतःची बटणं आणि याद्या वापरतं, त्यामुळे बोलकं असतं.

पण खिडकी हवीच कशाला? पहिला खेळ नुसत्या ओळी छापणाऱ्या काळ्या टर्मिनलमध्येच करावा, असं माझं मत आहे. पायथन, एक प्रिंट, एक इनपुट. ओळ छापली की एनव्हीडीए ती आपणहून वाचतो, खेळणारा टाइप करतो, एन्टर मारतो, पुढची ओळ येते. सुलभतेसाठी वेगळं असं काही करावंच लागत नाही. उलट असलेलं बिघडवू नका, एवढंच सांगावं लागतं, कारण बिघडवण्याचा मोह फार असतो. कुणी कर्सेस लायब्ररी आणून सगळा पडदा पुन्हा पुन्हा रंगवतं, मग नवं काय आणि जुनं काय हे कळायला मार्ग राहत नाही. कुणाला एकेक अक्षर टकटकत उमटवायची हौस असते. वाचणाऱ्याला म्हणे वातावरण मिळतं. मला मिळतात वाक्याचे तुकडे, आणि सुटं सुटं अक्षर ऐकत बसायचा वैताग. परिणाम ठेवायचाच असेल तर तो बंद करायची सोय सुरुवातीलाच द्या. आणि नकाशा! रेघा, अधिक चिन्हं आणि हॅश मांडून केलेला नकाशा बघायला छान असेल, पण ‘हॅश हॅश डॅश डॅश अधिक’ ऐकून जगात कुणाला वाट सापडलेली नाही. ‘उत्तरेला पूल, पूर्वेला बंद दार’ हे एक वाक्य त्या अख्ख्या नकाशापेक्षा कामाचं आहे.

आरपीजीचं खरं दुखणं लढाईत आहे, म्हणून तिथे जरा थांबते. साध्या कथेच्या खेळात वाक्य एकदा ऐकलं की झालं. लढाईत तीच माहिती दर फेरीला येते: तुझी ताकद, त्याची ताकद, उरलेले बाण, विषाचा अंमल, निवडीची यादी. डोळा यावरून उडी मारून हव्या त्या आकड्यावर उतरतो. कानाला मात्र रांगेत उभं राहावं लागतं. माझ्या पहिल्या खेळात दर फेरीला ११ ओळी छापल्या जायच्या, आणि त्या मीच लिहिल्या होत्या, कारण दिसणाऱ्यांच्या खेळांत तसंच असतं असं ऐकून होते! चौथ्या लांडग्याला मी स्वतःच कंटाळले. मग सगळं उलटं केलं. ‘लांडगा चावला. तुझे ४२ उरले.’ बस्स. बदललेली गोष्ट आधी, आकडा नंतर, सजावट शून्य. बाकी सगळं एका ‘स्थिती’ आज्ञेमागे, ज्याला हवं त्याने मागावं. मागच्या फेरीत काय झालं हे पुन्हा ऐकायला ‘पुन्हा’ अशी आज्ञा ठेवली. दारावरची बेल वाजली आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य निसटलं, असं प्रत्येकाचं होतं. वेळेची मर्यादा काढून टाकली. कुणी स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकतं की शेजारच्याला नुसती कुरकुर ऐकू यावी, तर कुणी सावकाश ऐकतं. दोघांना एकच घड्याळ लावण्यात अर्थ नाही.

हे सगळं कुठल्याही भाषेत करता येतं. म्हणून ‘पायथन की जावास्क्रिप्ट’ या प्रश्नाला मी फारशी किंमत देत नाही. फरक पडतो तो खेळ लोकांपर्यंत पोचवताना. टर्मिनलचा खेळ दुसऱ्याच्या संगणकावर चालवणं म्हणजे बहुधा आधी त्याला पायथन बसवायला लावणं. ब्राउझरमधला खेळ दुवा पाठवला की फोनवरही उघडतो, आणि तिथे आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर आयते हजर असतात. त्यामुळे दुसरा खेळ ब्राउझरसाठी. मात्र तिथल्या खोड्या वेगळ्या.

पहिली खोडी: पानावर नवा मजकूर आला तरी स्क्रीन रीडर आपण होऊन वाचत नाही. त्याला सांगावं लागतं की या जागेवर लक्ष ठेव. याला लाइव्ह रिजन म्हणतात, आणि २०१४ पासून अधिकृत शिफारस असलेल्या वाय-एरिया या वेब-सुलभतेच्या मानकात ती सोय आहे. खेळाच्या मजकुरासाठी त्यातली ‘लॉग’ ही भूमिका अगदी मापाची आहे. पान उघडतानाच ती रिकामी जागा तयार असू द्या आणि नवी वाक्यं तिच्या शेवटी जोडत जा. दर वेळी सगळा मजकूर पुसून नव्याने भरलात तर खेळणाऱ्याला कथा पहिल्यापासून ऐकावी लागेल. आणखी एक, ‘असर्टिव्ह’ नावाचा पर्याय दिसला की नवशिक्यांना तोच लावावासा वाटतो. तो चालू वाक्य तोडून मध्ये घुसतो. जीव जायची वेळ आली तरच वापरा, तेही खेळातला.

दुसरी खोडी कळायला मला स्वतःला एक अख्खी संध्याकाळ लागली. एका खेळात लढाईसाठी ‘१ दाबा, २ दाबा’ असं होतं, आणि मी कितीही दाबलं तरी तलवार हलेना. वेब पान वाचताना एनव्हीडीए अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कळा स्वतःकडे ठेवतो. एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर, बी दाबलं की पुढच्या बटणावर, १ ते ६ दाबले की त्या त्या पातळीच्या शीर्षकावर. म्हणजे माझा ‘१’ खेळापर्यंत पोचतच नव्हता. खेळ करणाऱ्याला हे कुठून माहीत असणार? त्यामुळे निवडीसाठी खरीखुरी बटणं ठेवा, किंवा टाइप करायला खरी चौकट द्या. चौकटीत गेलं की स्क्रीन रीडर कळा आपोआप सोडून देतो. ‘खरी’ म्हणजे एचटीएमएलमधलं बटण. रंगवलेल्या डिव्हवर, म्हणजे नुसत्या चौकोनावर, क्लिक बसवून केलेलं बटण सोंग असतं, त्याच्यावर टॅबने जाताही येत नाही.

तयार साधनांकडे वळते. चॉइसस्क्रिप्ट पानावर साधी रेडिओ बटणं आणि खाली ‘पुढे’चं बटण देतं. दिसायला रुक्ष, ऐकायला उत्तम. ताकद, चातुर्य असले आकडे सांभाळणं त्यात मुळातच आहे. पण खेळ विकायचा असेल तर परवान्याच्या अटी आधी वाचा, व्यापारी वापर मोकळा नाही. ट्वाइन २००९ पासून आहे आणि शेवटी एचटीएमएलचंच पान देतं. खेळणाऱ्यासाठी पाया चांगला, बनवणारी माझ्यासारखी असेल तर मात्र पंचाईत. त्याचं संपादन म्हणजे पटावर चौकोन ओढत बसणं. माझ्यापुरता उपाय ट्वीगो या प्रोग्रॅमने केला. कथा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ट्वी पद्धतीने लिहायची आणि कमांड देऊन पान तयार करायचं. साधन निवडताना ‘यातून निघणारा खेळ सुलभ आहे का’ एवढंच विचारलं जातं. ‘हे साधन न दिसणारी व्यक्ती चालवू शकेल का’ हे क्वचितच कुणी विचारतं. पायथनबद्दल लोक मला हमखास म्हणतात, ‘त्यात तर ओळी आत सरकवाव्या लागतात, तुम्हाला कसं जमतं?’ जमतं. एनव्हीडीएत इंडेंटचा सूर ऐकायची सोय आहे. ओळ जितकी आत, तितका सूर चढा. चुकीची सरकलेली ओळ मला दिसणाऱ्यांच्या आधी सापडते, असं मी थोड्या फुशारकीने म्हणते.

माझं आवडतं साधन इंक. इंकल या स्टुडिओने ते २०१६ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. निव्वळ टेक्स्ट फाइल, निवडीसाठी तारांकन, आकडे साठवायला व्हेरिएबल. कथा इंकमध्ये, आणि फासे, सामान, लढाई जावास्क्रिप्टमध्ये, अशी वाटणी सहज होते. इंकी या संपादकातून निघणारं तयार वेब पान मात्र जसंच्या तसं वापरू नका. निवड केली की ते आधीच्या निवडी पुसून टाकतं, आणि तुम्ही ज्या दुव्यावर उभे होतात तोच नाहीसा झाल्यामुळे फोकस, म्हणजे कीबोर्ड जिथे उभा असतो ती जागा, वाऱ्यावर. नवा परिच्छेद आला की फोकस त्याच्यावर न्यायच्या दोन ओळी लिहिल्या की प्रश्न मिटतो. दुवेही बटणं करून टाका.

इन्फॉर्म ७ हे आज्ञा टाइप करून खेळायचे खेळ बनवायचं साधन मनापासून आवडतं, पण त्याचा कोडच इंग्रजी वाक्यांसारखा लिहायचा असतो, आणि खेळणाऱ्याची आज्ञाही तो इंग्रजी व्याकरणाने उलगडतो. मराठीत तसं करू पाहिलंत तर दार, दाराला, दारातून, दारामागे ही सगळी एकच वस्तू आहे हे आधी त्याला शिकवावं लागेल. मी प्रयत्न केला, आठवड्याभरात सामान्यरूपापुढे हात टेकले. खेळ मराठीत असेल तर निवडीचा करा, आणि पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नोंदवा, म्हणजे मराठी आवाज असलेला स्क्रीन रीडर तो निवडू शकेल. नाही तर इंग्रजी आवाज देवनागरीचं जे करतो ते ऐकवत नाही.

अनेकांनी मिळून खेळायचा असेल तर इव्हेनिया. पायथनमध्ये आहे, मडच्या, म्हणजे अनेकांनी एकत्र खेळायच्या मजकुराच्या खेळांच्या, जातीचं. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात सुरू झालेली ती परंपरा न दिसणाऱ्या खेळाडूंनी आजही जिती ठेवली आहे. इव्हेनियात स्क्रीन रीडरसाठी वेगळा पर्यायच आहे, तो चालू केला की रंगांचे कोड आणि सजावट गळून पडते.

आणि युनिटी? नुसत्या मजकुरासाठी नको. ही इंजिनं अक्षरं स्वतः रंगवतात, सुलभतेची सोय त्यांच्यात फार उशिरा येते आहे. गोडो या दुसऱ्या इंजिनाने २०२५ मध्ये ४.५ आवृत्तीत स्क्रीन रीडरचा आधार दिला, तोही प्रायोगिक म्हणून. रेनपायमध्ये व्ही दाबलं की खेळ स्वतः बोलू लागतो, पण ते चित्रकथांसाठी आहे. चित्रं नसतील तर एवढी यंत्रणा कशाला ओढायची?

कमी दिसणाऱ्यांना विसरू नका, त्यांची संख्या आमच्यापेक्षा मोठी आहे. अक्षरं २०० टक्के मोठी केली तरी पान फुटू नये, मजकूर आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५:१ असावा, आणि ‘लाल निवड धोक्याची’ असं नुसत्या रंगाने सांगू नये. ब्राउझरवर हे जवळपास फुकट मिळतं, म्हणून तर मी त्याची बाजू घेते.

यानंतर हमखास पुढचा प्रश्न येतो: ‘पण मला दिसतं, मी तपासू कसं?’ एनव्हीडीए मोफत आहे, उतरवून घ्या, पडदा बंद करा आणि आपल्या खेळातली पहिली लढाई जिंकून दाखवा. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही घाबराल, कारण तो माउस जाईल तिथे बोलत सुटतो. कंट्रोल दाबलं की गप्प बसतो. अगदीच असह्य झालं तर इन्सर्ट आणि क्यू एकदम दाबा, तो बंद करायचा का म्हणून विचारेल. एन्टर मारा. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या पायगेमवाल्या मित्राने पहिल्या दिवशी सरळ संगणकाची वायर काढली होती.